जाकिटातली कात्री

मास्तरांच्या दुकानात दोन आवाज नांदायचे. एक मशीनचा, एक काकींचा. मास्तरांच्या पायाखाली मशीन धावायचं, आणि उंबऱ्यालगतच्या बाकावर काकी काजं करता करता गुणगुणायच्या. मशीन मध्येच थांबलं की गाणं एकटंच उघड्यावर पडायचं. मग काकी जीभ चावून गप्प व्हायच्या.

मास्तर मान वर न करता म्हणायचे, "का थांबलीस? दोरा तुटला का?"

"तुमचं मशीन थांबलं म्हणून."

"मशीनला बॉबिन बदलायची असते. तुला काय बदलायचंय?"

गाणं तरी कुठलं मोठं. दोन ओळींचं. कुणी शिकवलेलं नव्हतं, काजाच्या टाक्यांतून आपोआप जमून आलेलं:

सुई चालली चालली, दोरा मागे मागे,
जिथं जिथं गेली बाई, तिथं खूण जागे.

मास्तरांनी कापायचं, काकींनी सजवायचं, असा दोघांचा संसार. काजं, बटणं, हातशिलाई, इस्त्रीची घडी हे काकींचं राज्य. टेप, खडू आणि ती मोठी लोखंडी कात्री हे मास्तरांचं. त्या कात्रीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. "पोरगी दिली जावयाला, कात्री देणार नाही कुणाला," असं ते म्हणायचे, आणि जावई बिचारा दर खेपेला हसायचा.

गेल्या साली मास्तरांनी अंथरूण धरलं होतं, तेव्हा रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. मग काकींचंही तपासलं, त्यांनाही निघाला. कुठून आला, कुणाकडून आला, हे दोघांनी एकमेकांना एकदाच विचारलं. त्या दिवशी भर दुपारी दुकानाच्या फळ्या लागलेल्या होत्या. संध्याकाळी उघडल्या तेव्हा काकींचे डोळे सुजलेले होते आणि मास्तर स्वतः चहा करत होते. त्यानंतर तो प्रश्न त्या घरात फिरून आला नाही. लेकीला मात्र सगळं सांगितलं. तिनंही रक्त तपासून घेतलं, ते स्वच्छ निघालं, आणि त्या दिवशी मास्तर पहिल्यांदा पोटभर जेवले.

तेव्हापासून गोळ्या सुरू झाल्या. रोज संध्याकाळी दिवा लागला की काकी एक पेला भरून आणायच्या. अर्ध्या पाण्यावर मास्तरांची गोळी, उरलेल्या अर्ध्यावर काकींची. "लोक एका ताटात जेवतात," मास्तर म्हणायचे, "आपण एका पेल्यात औषध घेतो. प्रेम तेवढंच, भांडी कमी."

महिन्यातून एकदा दवाखान्यात जावं लागे. आधी दोघं बरोबर जायची. मग मास्तर म्हणू लागले, दोघं गेलो की दुकान बंद पडतं, गिऱ्हाईक परत जातं, आपण वेगवेगळे जाऊ. काकींना ते पटलं. मास्तर परत आले की शाळेतून आलेल्या पोरासारखे दारातूनच सांगायचे, "खोकला नाही, ताप नाही, रात्री घाम नाही, वजन जिथल्या तिथं. पास."

गोळ्या देणाऱ्या सिस्टर दर खेपेला हे चार प्रश्न विचारायच्याच. या आजारात टीबी लवकर शिरतो, म्हणून. काकींनाही विचारायच्या. काकी प्रत्येक प्रश्नावर थोडा विचार करून उत्तर द्यायच्या. मास्तर विचारायच्या आधीच देऊन टाकायचे.

आणि घरात आनंदाची गोष्टही होती. दोन गल्ल्या सोडून राहणारी लेक पोटुशी होती. मास्तरांनी मऊ झालेली जुनी कापडं शोधून शोधून बाळाची झबली शिवायला घेतली होती. दर झबलं आधीच्यापेक्षा मोठं व्हायचं.

लेक एक झबलं हातात धरून म्हणाली, "बाबा, हे बाळ आल्या आल्या शाळेत जाणार आहे का?"

"वाढत्या अंगाचं शिवावं. आत माया सोडली आहे भरपूर."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात त्याला शिंपी माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवून तेवढं बाहेर सोडता येतं. मास्तरांच्या हातच्या कपड्यात ती नेहमी सढळ असायची.

*

एका सकाळी मास्तर अस्तराचं कापड आणायला बाहेर पडले, आणि काकींनी त्यांचा राखाडी शर्ट उसवायला घेतला. कॉलर झिजली होती. झिजलेली कॉलर काढून उलटी लावली की शर्टाला आणखी चार वर्षांचं आयुष्य मिळतं. काकींनी शर्ट उलटा करून मांडीवर पसरला आणि त्यांचा हात बाजूच्या शिवणीवर थबकला.

माया फार होती. इतकी कुणी ठेवत नाही, मास्तरसुद्धा.

त्यांनी शर्ट उजेडाकडे धरला. शिवण उसवली तरी सुईची भोकं कापडात राहतात. काकींचा जन्म त्या भोकांकडे बघण्यात गेलेला. बाहेरच्या कडेला जुनी शिवण होती, उसवलेली. तिच्या आत दुसरी, तीही उसवलेली. तिच्या आत तिसरी. आणि आता जी शर्ट धरून होती ती त्याहून आत, ताज्या दोऱ्याची. चार वाटा, एकीच्या पोटात एक.

पहिल्यांदा काकींना हसूच आलं. या वयात अंगासरसा शर्ट? नटायचं सुचलं का माणसाला? मग त्यांनी खुंटीवरचा दुसरा शर्ट काढून उलटा केला. त्यातही तेच. पँटची कंबर पाहिली. तिथंही.

हसू गेलं. 

माणूस रोज समोर असतो म्हणून दिसतोच असं नाही. शर्ट अंगाला नीट बसतोय तोवर बाईला वाटतं, माणूसही तेवढाच आहे. आणि हा पठ्ठ्या आपण सुकत चाललो तसतसा शर्टही सुकवत होता. काकी बाजारात गेल्या की मशीनवर बसत असेल. उशीला रोज नवी खोळ का लागते, सकाळी हे स्वतःच खोळ धुऊन दोरीवर का टाकतात, याचाही काकींना त्या घटकेला उलगडा झाला. त्या म्हणत होत्या, माझा नवरा म्हातारपणी टापटिपीचा झाला; आणि तो रात्रीचा घाम धूत होता.

मास्तर परत आले. काकींनी शर्ट नीट करून कॉलर उलटी लावायला घेतली होती. बोलायचं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. उद्या त्यांची दवाखान्याची पाळी आहे, काट्यावर उभे राहतील, मग सिस्टरनाच दिसेल की, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण मग मागच्या महिन्यात का दिसलं नाही? त्याच्या मागच्या? "वजन जिथल्या तिथं." काटा खोटं बोलतो का?

दुसऱ्या दिवशी मास्तर जाकीट घालून निघाले. ऊन मी म्हणत होतं.

"जाकीट कशाला या उन्हात?"

"दवाखान्यात जायचं तर नीट जावं. शिंप्यालाच कपडे नसले तर लोक काय म्हणतील?"

ते गेले आणि थोड्या वेळानं शेजारची पोळपाट-लाटणी विकणारी बाई अस्तराचा तुकडा मागायला आली. काकींनी तागा काढला, टेबलावर पसरला आणि मास्तर नाहीत म्हणून कात्री घ्यायला हात टाकला. कात्री नव्हती. कापड सरकू नये म्हणून वर ठेवायचे लोखंडी ठोकळे असतात, तेही नव्हते. काकींनी खाली पाहिलं, मशीनमागं पाहिलं, इस्त्रीखाली पाहिलं.

"न्हाव्याकडं वस्तरा नाही म्हणजे कमाल झाली," बाई म्हणाली.

"इथंच असते हो. चोरानं नेली म्हणावं तर चोर टेप का ठेवून जाईल?"

"चोराला माप ठाऊक असेल."

बाई हसत गेली. काकी बाकावर बसून राहिल्या. हातातलं काज अर्धं राहिलं होतं, पण सुई पुढे सरकेना.

दुपारी मास्तर आले. दारातूनच म्हणाले, "खोकला नाही, ताप नाही, घाम नाही, वजन जिथल्या तिथं. पास." काकी पाणी आणायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा मास्तर खुर्चीत डोळे मिटून बसले होते, जाकीट खुंटीवर होतं, आणि टेबलावर कात्री होती. ठोकळेही होते, जागच्या जागी.

काकींनी पाणी खाली ठेवलं आणि कात्री उचलली.

लोखंड कसं असतं, ते त्यांना ठाऊक होतं. सावलीतलं लोखंड गार असतं, उन्हातलं चटका देतं. ही कात्री ना गार होती ना चटका देणारी. कुणाचा तरी हात हातात घ्यावा तशी ऊबदार होती, आणि त्या उबेत एक जास्तीची धग होती. काकींनी कात्री गालाला लावली. लेक लहान असताना तिच्या कपाळाला गाल लावून त्या ताप बघायच्या, अगदी तशी.

मग त्यांनी खुंटीवरचं जाकीट उलटं केलं. आतल्या अस्तरात दोन खिसे शिवलेले होते, कात्रीच्या बेताचा एक, ठोकळ्यांच्या बेताचा एक. दुहेरी टाका, कड दुमडलेली. चोरीच्या कामातही माणसानं हात राखला नव्हता.

"अहो," काकी म्हणाल्या.

मास्तरांनी डोळे उघडले. बायकोच्या एका हातात कात्री, दुसऱ्या हातात उलटं जाकीट. त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

"मिटून काय होतंय. मी आहेच इथं."

"पाणी दे."

"देते. आधी सांगा, कात्री गेली होती कुठं?"

"फिरायला."

"आणि काट्यावर तुमच्याबरोबर उभी राहिली."

समोरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मग मास्तर हळूच म्हणाले, "आधी नुसती कात्रीच पुरायची. मग एक ठोकळा लागला. मग दोन."

काकी खाली, त्यांच्या पायाशीच बसल्या. रागवायचं त्यांनी ठरवलं होतं, पण राग आलाच नाही. समोर आल्या मास्तरांच्या पोटऱ्या, काडीसारख्या, आणि त्यावर नीट बेतलेली पँट.

"का हो असं?"

"टीबी म्हणतील." मास्तर भिंतीकडे बघत बोलत होते. "माझ्या बापाला झाला होता. मी एवढासा होतो. त्याची खाट दाराबाहेर टाकली होती, पेला वेगळा, थाळी वेगळी. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा बापानं नुसते हात पुढं केले, आणि आजी बाळाला घेऊन आत गेली. बाप हात तसेच धरून बसला होता. ते हात मला अजून दिसतात." ते थांबले. "पोरगीचे आता दिवस भरत आलेत. एकदा ते नाव लागलं की बाळ कोण देईल माझ्या हातात? मी म्हटलं, बाळ येऊ दे, एकदा घेऊ दे, मग सांगू. आणि खोकला कुठं आहे मला? खोकल्याशिवाय टीबी असतो का कधी?"

"ते मला ठाऊक नाही. ताप आहे हे ठाऊक आहे."

"कशावरून?"

"कात्रीवरून."

मास्तरांनी कात्रीकडे पाहिलं. चुगलखोराकडं पाहावं तसं.

काकी म्हणाल्या, "बाळ हातात देतील न देतील, ते पुढचं पुढं. हात तर राहू देत. असे सुकत राहिलात तर तिनं बाळ द्यायचं कुणाला? खुंटीवरच्या जाकिटाला?" आणि एवढं बोलून त्यांचा आवाज फाटला. "आणि मी त्या अर्ध्या पेल्याचं काय करू?"

मास्तरांनी हात पुढे करून त्यांच्या डोक्यावर ठेवला. हात गरम होता.

*

सकाळी दुकानाला फळ्या लावून दोघं निघाली. दवाखान्यात सिस्टर म्हणाल्या, "मास्तर, कालच तर येऊन गेलात. गोळ्या हरवल्या का?"

काकींनी पिशवी टेबलावर ठेवली. कात्री काढली. एक ठोकळा काढला, दुसरा काढला. "हे काल यांच्या वजनात होतं," त्या म्हणाल्या. "आज वजा करून बघा."

सिस्टरनी कात्री उचलून तळहातावर तोलली. हसावं की ओरडावं हे त्यांचं त्यांना ठरेना. "आणि मी दर महिन्याला शाब्बास म्हणतेय," त्या म्हणाल्या. "जाकीट काढा म्हणायला हवं होतं मी. चढा मास्तर. चपलासुद्धा काढा."

काट्यावरचा आकडा सिस्टरनी दोनदा वाचला आणि मास्तरांना तडक आत पाठवलं.

आतल्या खोलीत डॉक्टरीणबाई होत्या, मास्तरांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी तपासलं. मान चाचपली, पोट चाचपलं, छातीला नळी लावली. रक्त घेतलं. मग एक डबी देऊन म्हणाल्या, "बाहेर मोकळ्यावर जा. खोल श्वास घ्या, आतून खाकरा, बेडका यात द्या. नुसती तोंडातली लाळ नको."

मागच्या अंगणात भिंतीच्या कडेला मास्तर डबी घेऊन उभे राहिले. खाकरले. पुन्हा खाकरले. काही येईना.

"तुम्ही तिकडं तोंड करून उभ्या राहा," ते काकींना म्हणाले. रागानं किंवा लाजेनं ते कधीकधी बायकोला तुम्ही म्हणायचे.

"इतकी वर्षं घोरणं ऐकतेय, खाकरण्याचं काय घेऊन बसलात."

"अगं, नसलेलं कुठून आणू? विहिरीत पाणी नाही आणि तू म्हणतेस पोहरा टाक."

शेवटी थोडंसं काहीतरी आलं, ते दिलं. छातीचा फोटो काढला. थुंकी तपासणीच्या मशीनमध्ये घालून बघणार होते, तिचं कळायला वेळ होता. घरी येताना काकी लेकीकडे वळल्या आणि उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिला सगळं सांगितलं. लेक रडली, मग कात्रीचं ऐकून रडता रडता हसली, मग पुन्हा रडली.

थुंकीचा निकाल आला त्या दिवशी दोघं पुन्हा गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थुंकीत टीबी सापडला नाही. फोटोही तसा साफच वाटतोय."

मास्तर उठून उभेच राहिले. चेहऱ्यावर ऊन पडावं तसे उजळले. "बघ," ते काकींना म्हणाले. "पास. मी म्हणत होतो ना. चल."

काकी उठल्या नाहीत. टोपली घट्ट धरून बसावं तशी त्यांनी पिशवी मांडीवर धरली होती. "मॅडम," त्या म्हणाल्या, "मग शर्ट कोण खातंय यांचा?"

"बसा मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझंही अजून संपलेलं नाही." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "घरात चोर शिरला की कुत्रं भुंकतं. खोकला, फोटोतले डाग, म्हणजे शरीराचं भुंकणं. तुमचं शरीर गोळ्यांनी आत्ता कुठं सावरतंय, रक्तातल्या लढणाऱ्या पेशी अजून फार कमी आहेत. कुत्रं दमून झोपलंय. ते भुंकलं नाही म्हणून चोर नाही, असं मी म्हणू शकत नाही. एचआयव्ही असलेल्या माणसात टीबी कधीकधी छातीत दिसतच नाही, अंगभर पसरून गुपचूप बसतो. त्याचा अंश लघवीत उतरतो. ती तपासायची आहे."

"लघवी?" मास्तर म्हणाले. "म्हणजे चोर माजघरात आणि शोधायचा मोरीत?"

"मोरीतूनच पळतो ना चोर," काकी म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या. डबी पुढे करत म्हणाल्या, "एवढं जमेल ना?"

"त्याची चिंता नको. या वयात तेच एक मागावं लागत नाही."

लघवीचे थेंब एका कागदी पट्टीवर सोडले आणि पट्टी टेबलावर सपाट ठेवली. वाट बघायची होती. खोलीत पंखा फिरत होता. मास्तर पट्टीकडे बघत होते, काकी मास्तरांकडे. वाट बघणं हे काम असं असतं, की हात रिकामे असले तर ते उरकतच नाही. काकींनी पिशवीतून सुईदोरा काढला आणि मास्तरांच्या बाहीचं सैल झालेलं बटण, तो शर्ट अंगावर असतानाच, शिवायला घेतलं. मनगट इतकं बारीक होतं की कफात दोन मावली असती. त्यांचे ओठ हलत होते. सुई चालली चालली.

वेळ झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. शेजारी एक छापील पुठ्ठा धरला, त्यावर फिकट-गडद रेघा होत्या. एक रेघ तर उमटणारच होती, पट्टी चालते हे सांगायला. दुसरी आहे की नाही, ते बघायचं होतं. त्यांनी डोळे बारीक केले. सिस्टरना बोलावलं. सिस्टरही वाकून बघू लागल्या.

"मला बघू द्या," मास्तर म्हणाले.

पट्टी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळ नेऊन पाहिलं, कापडावर आदल्या दिवशीच्या खडूची खूण शोधावी तसं.

"आहे," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "पुसट आहे, पण आहे. खडूची रेघ पुसट असली तरी कापड तिथूनच कापावं लागतं."

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आम्हालाही दिसली. पुसट असली तरी ती रेघच. हा टीबी आहे मास्तर, आणि तो वेळेत सापडलाय. आजपासून औषध सुरू करायचं. एचआयव्हीच्या गोळ्यांबरोबर त्याचं जुळवून घ्यावं लागतं, ते मी बघते. एकही सोडायची नाही."

मास्तरांनी चष्मा खाली घेतला. मग तो एकच प्रश्न विचारला, ज्याच्यासाठी एवढी शिवणटिपण केली होती. "आणि बाळ?"

काकींनी सगळं थोडक्यात सांगितलं. खोटा धीर द्यायचा नसला की माणसं जशी शब्द निवडतात, तशा निवडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थुंकीत सापडला नाही, म्हणजे तुमच्याकडून दुसऱ्याला होण्याचं भय कमी. पण तान्ह्याच्या बाबतीत आपण घाई करायची नाही. काही आठवडे औषध पोटात जाऊ द्या, पुन्हा तपासू, मी हो म्हटलं की घ्यायचं. खाट दाराबाहेर नाही टाकायची. खिडक्या उघड्या ठेवा, एवढंच. पेलाही वेगळा नको."

"पेला नको?" काकींनी विचारलं.

"नको. पण काकी, तुम्हाला तपासल्याशिवाय मी सोडणार नाही. तुमच्यात टीबी नसला, तर तो होऊ नये म्हणूनही गोळ्या असतात."

काकींना तपासलं, त्या साफ होत्या. घरी परतताना मास्तर दोन वेळा थांबले, दम लागून. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, "माझ्या बापाला कुणी सांगितलंच नाही बघ."

"काय?"

"की पेला वेगळा नको."

*

लेक बाळंत झाली तेव्हा मास्तरांचं औषध सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. मुलगी झाली. काकी जाऊन आल्या आणि दुकानात येऊन बसल्या. मास्तर मशीन थांबवून बघत राहिले.

"कशी आहे?"

"तुमच्यासारखी. डोक्यावर केस नाहीत आणि कुणाचं ऐकत नाही."

मग लेकीनं एक रिवाज पाडला. सकाळच्या उन्हात ती बाळाला घेऊन समोरच्या फुटपाथवर, किराण्याच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. मध्ये रस्ता. मास्तर अलीकडे मशीनवर. ती बाळाचं तोंड त्यांच्याकडे वळवून धरायची. मास्तर टाळी वाजवायचे, टेप हवेत नाचवायचे. गिऱ्हाइकं वैतागायची. "मास्तर, माझी पँट?" "होईल हो, ती काय रडतेय का?"

बाळाच्या अंगात आजोबांनी शिवलेलं झबलं असायचं, आणि ते अजून ढगळ होतं.

औषधांनी सुरुवातीला मास्तरांची तोंडाची चव गेली, मळमळ झाली. एकदा म्हणाले, "नको वाटतं गं." काकींनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. मास्तरांनी गोळ्या घेतल्या. हळूहळू उशीची खोळ सकाळी कोरडी राहू लागली. एका दुपारी त्यांनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली, आणि काकी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच पाण्याचा हंडा पुसत बसल्या.

पुढच्या पाळीला दोघं बरोबर गेली. दुकान बंद राहिलं तर राहिलं. काट्याजवळ मास्तरांनी जाकीट काढलं. मग खिशातला टेप काढला, खडू काढला, रुमाल काढला, चार बटणं निघाली ती काढली, आणि चष्म्याला हात घातला.

"चष्मा राहू द्या मास्तर," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर आकडा कसा वाचाल?"

आकडा थोडाच होता, पण वर चढलेला होता. सिस्टरनी शाब्बास म्हटलं नाही. त्यांनी नुसतं काकींकडे पाहिलं, आणि दोघी हसल्या. आत डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं तपासलं, वेळ घेऊन. मास्तर त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आणि त्या म्हणाल्या, "हो."

त्या दिवशी संध्याकाळी काकींनी राखाडी शर्ट उसवला. सगळ्यांत आतली शिवण काढली आणि तिच्या बाहेरच्या, जुन्या भोकांच्या वाटेवरून पुन्हा घातली. एकच वाट बाहेर. बाकीच्या दोन अजून तिथं वाट बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक पायरीवर न बसता रस्ता ओलांडून आली. मास्तर उठून उभे राहिले, हात साबणानं धुतले, पुसले, पुन्हा धुतले. कापायच्या टेबलावरची कात्री त्यांनी स्वतः उचलून काकींच्या हातात दिली, जी कधी कुणाच्या हातात दिली नव्हती. मग हात पुढे केले.

लेकीनं बाळ त्या हातांवर ठेवलं.

मास्तर नुसते अंदाज घेत राहिले, कापडाचा पोत बोटांना कळावा तसे. मग म्हणाले, "भारी आहे गं. कात्री आणि दोन्ही ठोकळे धरले तरी पुरं पडणार नाही."

"बाबा, तिला काट्यावर नेऊ नका," लेक म्हणाली.

मास्तर बाळाला घेऊन मशीनपाशी बसले. पाय पायट्यावरून काढून घेतलेले, मशीन गप्प. दुकानात दुसरा आवाज कसलाच नव्हता. आणि उंबऱ्यालगतच्या बाकावर काकी गुणगुणत होत्या,

सुई चालली चालली, दोरा मागे मागे.

मशीन थांबलेलं होतं, तरी त्या थांबल्या नाहीत. मास्तरांना "का थांबलीस?" असं विचारावंच लागलं नाही.